‘हिस्पॅनिक’ रकान्यातली माणसं

अमेरिकेतल्या कारखान्यात मेक्सिकन फिटर ‘देसार्मादोर’ मागतो तेव्हा त्याला स्क्रूड्रायव्हर हवा असतो. शेजारच्या कोलंबियन मदतनिसाच्या बोलीत त्याच वस्तूला ‘देस्तोर्नियादोर’ म्हणतात. फोर्कलिफ्टचंही तसंच. मेक्सिकोत तो ‘मोन्ताकार्गास’, अर्जेंटिनात ‘आउतोएलेबादोर’, स्पेनमध्ये ‘कारेतिया एलेबादोरा’. आता समजा, कंपनीने सुरक्षेच्या पाट्या भाषांतराला बाहेर दिल्या आणि त्या माद्रिदच्या स्पॅनिशमध्ये होऊन आल्या. ‘कारेतियापासून दूर राहा’ ही पाटी वाचून मेक्सिकन कामगाराच्या डोळ्यांसमोर सिमेंट वाहायची एकचाकी ढकलगाडी येते. तो हसतो आणि पुढे जातो. तिकडे ऑफिसातल्या फायलीत नोंद झालेली असते, की सर्व हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, कर्मचाऱ्यांना त्यांच्या भाषेत सूचना दिली.

‘हिस्पॅनिक कर्मचाऱ्यांची संस्कृती’ या विषयावर अमेरिकेत कार्यशाळा भरतात, स्लाइड्स विकल्या जातात. त्यांतले मुद्दे ठरलेले असतात: ही माणसं कुटुंबवत्सल, वरिष्ठांना मान देणारी, वेळेबाबत सैल, तोंडावर नाही न म्हणणारी. माझं म्हणणं असं, की कामाच्या जागी या नावाची एक संस्कृती सापडतच नाही. सापडतात ते जिल्हे, बोली, पिढ्या आणि कागदपत्रं. संस्कृतीच्या नावावर जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं व्यवस्थापनाचं अपुरं राहिलेलं काम असतं.

सरकारी फॉर्मवरचा ‘हिस्पॅनिक’ हा रकाना आला कुठून ते आधी पाहू. १९७०च्या जनगणनेत स्पॅनिश मूळ असल्याचा प्रश्न फक्त नमुन्यातल्या घरांना विचारला गेला. १९७६ साली अमेरिकी काँग्रेसने या लोकांची वेगळी आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला, १९७७ साली सरकारी खात्यांसाठी वर्गवारी ठरली आणि १९८०पासून प्रश्न सगळ्यांना गेला. ‘लॅटिनो’ हा शब्द सरकारी वर्गवारीत १९९७ साली जोडला गेला. २०२०च्या जनगणनेत या रकान्यात ६ कोटी २१ लाख माणसं होती, देशाच्या १८.७ टक्के.

मोजणीसाठी रकाना हवाच, याबद्दल माझी तक्रार नाही. तो नसता तर २०२२ साली अमेरिकेत कामावर १,२४८ हिस्पॅनिक कामगार मेले हे कळलं नसतं. एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे त्यांचं मृत्यूचं प्रमाण ४.६ होतं, सगळ्या कामगारांचं मिळून ३.७. मेलेल्यांपैकी ७९२ जण परदेशात जन्मलेले होते. अन्याय मोजायला रकाना लागतो. गोंधळ होतो तो मोजणीचं हे माप सुपरवायझरच्या हातात देऊन ‘यावरून तुझी माणसं ओळख’ म्हटलं जातं तेव्हा.

गंमत म्हणजे संस्कृतीवाल्यांचे स्वतःचे आकडेही त्यांच्या बाजूने बोलत नाहीत. हॉफस्टेड या डच संशोधकाचा ‘सत्ता-अंतर’ निर्देशांक या कार्यशाळांमध्ये हमखास दाखवतात. वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती स्वाभाविक मानतात, याचं ते माप. त्यात ग्वातेमाला ९५ वर, मेक्सिको ८१ वर, अर्जेंटिना ४९ वर आणि कोस्टा रिका ३५ वर आहे. खुद्द अमेरिका ४० वर. म्हणजे ‘हिस्पॅनिक लोक साहेबापुढे बोलत नाहीत’ हे वाक्य कोस्टा रिकाच्या माणसाला लावलं तर हे माप उलटंच उत्तर देतं. भारत ७७ वर आहे, मेक्सिकोला अगदी खेटून. पण तेवढ्यावरून पुणेकर आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराचे पुएब्लाकर सारखे असं कुणी म्हणत नाही. शिवाय हे मूळ आकडे १९७०च्या आसपास आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून आले. ग्वातेमालाच्या डोंगरातून येऊन कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभ्या राहिलेल्या माणसाशी त्यांचा संबंध किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘तोंडावर नाही म्हणत नाहीत’ या आरोपाकडे जरा जवळून बघू. सुपरवायझर मशीन बंद करून कुलूप लावायची पद्धत, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, दहा मिनिटांत समजावतो आणि विचारतो, ‘समजलं?’ सगळे ‘सी’ म्हणतात. मराठी माणसाने हे ‘हो’ शाळेतच ऐकलंय. ‘समजलं का रे?’ या प्रश्नाला अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर असतं, आणि ते कोणत्याही देशात तसंच असतं. दोष प्रश्नात आहे.

प्रश्न असा हवा: ‘करून दाखव.’ ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सांगणं, मशीन नेहमीच्या बटणाने थांबवणं, मेन स्विच आणि व्हॉल्व्ह बंद करणं, स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावणं, साठलेली ऊर्जा सोडणं, आणि शेवटी बटण दाबून मशीन खरंच मेलंय का ते बघणं. यात पहिल्या चार पायऱ्या बहुतेकांना जमतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. घोटाळा शेवटच्या दोनांत होतो. वीज बंद केली तरी सिलिंडरमध्ये हवेचा दाब राहतो, उचललेला भाग स्वतःच्या वजनाने खाली यायचा राहतो. ‘साठलेली ऊर्जा’ हा शब्द इंग्रजीतही अवघड, स्पॅनिशमध्येही अवघड. तो शब्दाने शिकवायच्या भानगडीत पडू नये. मेन बंद करून गेजवरचा काटा दाखवावा, ब्लीड व्हॉल्व्ह उघडून फुस्स आवाज ऐकवावा, मग काटा शून्यावर आलेला दाखवावा. एका गटात आठ-दहांपेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत, आणि प्रत्येकाने आपल्या कुलपाने सगळ्या पायऱ्या केल्याशिवाय सही घेऊ नये. तीस जणांना हॉलमध्ये बसवून व्हिडिओ दाखवला आणि हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या, तर ते प्रशिक्षण कागदावरच राहतं.

हे नुसतं शहाणपण नाही, नियमही तसाच आहे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, एप्रिल २०१०मध्ये स्पष्ट केलं, की प्रशिक्षण कामगाराला कळेल अशा भाषेत आणि अशा शब्दांत दिलं पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पुस्तिका देणं पुरेसं धरलं जात नाही. रोजची कामं स्पॅनिशमध्ये सांगत असाल तर सुरक्षाही स्पॅनिशमध्येच शिकवावी लागेल.

पण स्पॅनिश तरी सगळ्यांना येते का? इथे रकाना सगळ्यात जास्त फसवतो. मेक्सिकोत ६८ मूळनिवासी भाषा-समूह सरकारमान्य आहेत, ग्वातेमालात २२ माया भाषा बोलल्या जातात. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड, सांता मारिया, सलिनास या पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर ओआहाका राज्यातून आलेले मिश्तेक, सापोतेक, त्रिकी मजूर आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉर्गनटनमध्ये कोंबड्यांच्या कारखान्यात १९९०च्या दशकात ज्यांनी युनियन उभी केली त्यांत ग्वातेमालाचे माया कामगार पुढे होते. यांपैकी अनेकांची स्पॅनिश ही दुसरी भाषा, बाजारात आणि दवाखान्यात शिकलेली. मेळघाटातल्या कोरकू माणसाला कोर्टाची मराठी वाचून दाखवली तर तो मान डोलावेल, तसाच हा ‘सी’ असतो.

मिश्तेक ही सुरांवर चालणारी भाषा आहे. स्वर तोच, पण चढ-उतार बदलला की शब्द बदलतो. तिचे प्रकार गावागणिक वेगळे. ग्वातेमालातल्या माम या माया भाषेतही उएउएतेनांगोची बोली आणि सान मार्कोसची बोली यांत फरक आहे. म्हणून नुसता ‘मिश्तेक दुभाषी पाठवा’ असा निरोप दिला तर समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांना स्पॅनिशमध्येच विचारत बसतात. दुभाषी मागताना गावाचं नाव द्यावं लागतं. तो फोनवर किंवा व्हिडिओवरच मिळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे वेळ आधी ठरवून घ्यावी. इंग्रजीतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून माम अशी दुहेरी साखळी असेल तर अर्ध्या तासाच्या सत्राला दीड तास धरावा. लाइन सुरू करायच्या घाईत हा वेळ कापला, की शेवटची पायरी गळते, आणि शेवटची पायरी कोणती ते वर आलंच आहे.

शब्दांच्या चुका हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात. ‘सेगुरो’ म्हणजे सुरक्षित, ‘सेगुरो’ म्हणजे विमा आणि ‘सेगुरो’ म्हणजे खिट्टीसुद्धा. ‘किता एल सेगुरो’, म्हणजे ‘सेगुरो काढ’, याचा अर्थ मशीनपुढे उभं असताना एक आणि पगाराच्या खिडकीपुढे दुसरा. १९८० साली फ्लोरिडात एका क्युबन कुटुंबाने बेशुद्ध मुलाबद्दल ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी तो अमली पदार्थांचा अतिरेक समजला, मेंदूतला रक्तस्राव दिसायला उशीर झाला, मुलाचे हातपाय कायमचे गेले आणि भरपाईचा आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर गेला. रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यात प्रथमोपचाराच्या तक्त्यावर हाच शब्द असेल, तर तो कुठल्या देशाच्या अर्थाने छापलाय हे विचारायला हवं.

‘आओरिता’ हा आणखी एक. शब्दशः ‘आत्ता’चं लाडिक रूप. मेक्सिकोत त्याचा अर्थ ‘या क्षणी’पासून ‘बघू कधीतरी’पर्यंत कुठेही पडतो, पोर्तो रिकोत तो सरळ ‘नंतर’. ‘येतो हं’ म्हणून घराबाहेर जाणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. यावरून ‘वेळेबाबत सैल’ असा निष्कर्ष काढण्यापेक्षा ‘किती वाजता?’ विचारावं. घड्याळाचे आकडे सगळीकडे तेच असतात.

आता नावं. यात मराठी वाचकाला आपलं प्रतिबिंब दिसेल. स्पॅनिश रीतीत दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. समजा नाव होसे लुईस हेर्नांदेस क्रूस. अमेरिकी सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि माणूस ‘क्रूस’ होतो, म्हणजे त्याच्या आईच्या आडनावाने ओळखला जातो. सोशल सिक्युरिटी कार्डावर ‘हेर्नांदेस क्रूस’, बॅजवर ‘क्रूस’, आणि प्रशिक्षणाच्या यादीत सुपरवायझरने लिहिलेलं ‘हेर्नांदेस’. एका माणसाच्या तीन नोंदी झाल्या. मग विम्याचा दावा अडतो, ऑडिटला माणूस अप्रशिक्षित दिसतो, वर्षअखेरीच्या कर-पत्रकावरचं नाव जुळत नाही म्हणून सरकारी पत्र येतं. ते पत्र पाहून घाबरून कामावर न येणारा माणूस ‘न सांगता दांडी मारणारा’ ठरतो. ब्राझीलच्या माणसाचा क्रम उलटा, आधी आईचं आणि मग वडिलांचं. (तो पोर्तुगीज बोलतो आणि सरकारी व्याख्येत हिस्पॅनिक नाही, तरी स्पॅनिश पत्रक त्याच्या हातात पडतंच.) आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ते अमेरिकेत कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं, आणि विमानतळावर आपण कुणाला तरी समजावत उभे असतो. उपाय साधा आहे: आडनावाच्या चौकटीत दोन्ही आडनावं, कार्डावर असतील तशी, मध्ये आपल्या मनाने जोडरेघ नाही, आणि बॅजवर कोणतं नाव हवं ते त्यालाच विचारणं.

कागदपत्रांचा प्रश्न याहून नाजूक. पोर्तो रिको हा अमेरिकेच्याच ताब्यातला बेटाचा प्रदेश, तिथले लोक १९१७पासून अमेरिकी नागरिक आहेत. तरीही नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे ग्रीन कार्ड मागणारे कारकून असतात. आय-९ फॉर्मसाठी, म्हणजे माणसाला अमेरिकेत काम करायचा हक्क आहे का हे तपासणाऱ्या फॉर्मसाठी, यादीतली कोणती कागदपत्रं दाखवायची हे कामगार ठरवतो. मालकाने मूळ देश किंवा नागरिकत्व बघून अमुकच कागद आणा म्हणणं हा भेदभाव ठरतो. पोर्तो रिकोचं ड्रायव्हिंग लायसन्स इतर राज्यांच्या लायसन्सइतकंच चालतं. जन्मदाखला मात्र १ जुलै २०१०च्या आधी दिलेला असेल तर रद्द धरला जातो, नवा मागवावा लागतो. फॉर्मचा मालकाचा भाग कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत भरायचा असतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं तर ऐनवेळची पळापळ टळते.

एकाच बाकावर जेवणाऱ्या चौघांचे कागद किती वेगळे असू शकतात पाहा. पोर्तो रिकोचा नागरिक. १९६६च्या खास कायद्याने कायम वास्तव्य मिळालेला क्युबन. २००१च्या भूकंपांनंतर मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणावर मुदतवाढीच्या तारखा मोजत राहिलेला साल्व्हादोरचा माणूस. आणि शेतीच्या हंगामी व्हिसावर आलेला मेक्सिकन, ज्याला फक्त व्हिसा काढून देणाऱ्या मालकाकडेच काम करता येतं. बोटाला लागलं तर नर्सकडे कोण जाईल आणि कोण रुमाल गुंडाळून काम चालू ठेवेल, हे यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. कार्यशाळेत मात्र त्याला मर्दानगीची संस्कृती म्हणतात. एच-१बी व्हिसावरचा मराठी इंजिनिअर साहेबाला उलट का बोलत नाही, यात संस्कार किती आणि ग्रीन कार्डाची रांग किती, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तोच हिशेब दुसऱ्याला लावताना आपण विसरतो. अपघात कळवला म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे आणि त्याविरुद्ध ओशाकडे तक्रार ३० दिवसांत करावी लागते. ही मुदत किती कामगारांना माहीत असते, ते कंपनीने तपासावं. मर्दानगीचं नंतर बघू.

रकान्याच्या आतही वर-खाली आहेच. ऑक्सनार्डच्या शाळा मंडळाने २०१२मध्ये ‘ओआहाकिता’ आणि ‘इंदितो’ हे शब्द शाळांत बंद केले. ओआहाकाच्या मुलांना हिणवायला ते शब्द वापरणारी मुलं बहुतेक मेक्सिकन कुटुंबांतलीच होती. तीच उतरंड शेतात आणि कारखान्यात असते. मुकादम एका राज्याचा, टोळी दुसऱ्या राज्याची; ओव्हरटाइम गाववाल्यांना, चिलरवरचं थंडीचं काम माया माणसाला. कंपनी म्हणते, सुपरवायझर हिस्पॅनिक, कामगार हिस्पॅनिक, मग भेदभाव कसला? हा युक्तिवाद भारतीयांनी तरी गप्प बसून ऐकू नये. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली तेव्हा ‘सगळे इंडियनच आहेत, मग कसली जात’ असं म्हणणाऱ्यांत आपलेच लोक होते. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात छळ करणारा त्याच मुळाचा आहे ही सबब चालत नाही. व्यवहारात करायचं ते असं: ओव्हरटाइमची आणि कामवाटपाची यादी भिंतीवर लावायची, आणि तक्रारीचा फोन मुकादमाच्या मेहुण्याने उचलू नये एवढी काळजी घ्यायची.

इथेच जन्मलेल्यांचं दुखणं निराळं. न्यू मेक्सिकोत काही कुटुंबं १८४८च्या आधीपासून, म्हणजे तो भाग मेक्सिकोचा होता तेव्हापासून आहेत. सीमा त्यांच्यावरून सरकली, ती सीमा ओलांडून आलेली नाहीत. त्यांच्या नातवंडांना स्पॅनिश येईलच असं नाही. तरी आडनाव बघून त्यांना भाषांतराला बोलावतात. ज्यांना ती खरंच येते त्यांचं तर फुकट शोषण होतं. लाइनवरची बाई दिवसातून चार वेळा काम सोडून दुभाषी होते, तिचा स्वतःचा कोटा मागे पडतो आणि वर्षाच्या शेवटी त्याचेच गुण कापले जातात. शिस्तभंगाच्या बैठकीत तिला शेजारणीविरुद्धचे शब्द उच्चारावे लागतात. दुभाष्याचं काम हवं असेल तर त्याची चाचणी घ्यावी, तासाचा वेगळा दर द्यावा, तो वेळ कोट्यातून वजा करावा. आणि शिस्तीच्या किंवा वैद्यकीय प्रसंगी बाहेरचाच माणूस आणावा.

‘इथे फक्त इंग्रजी’ अशी पाटी लावून हा सगळा प्रश्न मिटवू पाहणारेही आहेत. सदासर्वकाळ इंग्रजीची सक्ती रोजगार-समता आयोगाच्या नियमांत भेदभाव म्हणून गृहीत धरली जाते. क्रेनच्या रेडिओवर एकच भाषा हवी, हे कामाच्या गरजेत बसतं. डबा खाताना हवी, हे बसत नाही. मार्च २०२५मध्ये इंग्रजीला राजभाषा करणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला तो सरकारी खात्यांना उद्देशून. कारखान्याच्या कँटीनचा त्यात उल्लेख नाही.

मेजवान्यांबद्दल थोडक्यात. ५ मेला टाको वाटून सगळ्या ‘हिस्पॅनिक’ सहकाऱ्यांना शुभेच्छा देऊ नयेत. तो १८६२च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिनही नाही, तो १६ सप्टेंबरला. ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्व्हादोर, निकाराग्वा, कोस्टा रिका यांचा १५ सप्टेंबरला. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेसाठी काही मेक्सिकन रजा मागतील, पण त्याच लाइनवरचा इव्हँजेलिकल, म्हणजे कॅथलिक नसलेला ख्रिश्चन, ग्वातेमालन मागणार नाही. तेव्हा रजा सणाच्या नावाने नको, ज्याला हवी त्या दिवशी घेता येईल अशी तरंगती द्यावी.

मग माणूस कुठला, हे विचारायचं की नाही? माझ्या मते विचारू नये. मुलाखतीत तर नाहीच, कायद्याच्या दृष्टीने ते अंगाशी येतं. कामावर घेतल्यानंतर तीन-चारच गोष्टी विचाराव्यात, आणि त्या सगळ्यांनाच, आडनाव न बघता: सुरक्षा कोणत्या भाषेत शिकायला आवडेल, घरी कोणती भाषा बोलता, नाव कसं लिहायचं आणि कसं हाक मारायची, हे मशीन आधी चालवलंय का आणि कोणत्या बनावटीचं. उत्तरांतून देश आपोआप कळला तर कळू दे.

हत्यारांच्या खोलीत एक तक्ता लावावा. रोज लागणाऱ्या तीसेक वस्तूंचे फोटो, प्रत्येकाखाली इंग्रजी शब्द आणि त्याखाली त्या शिफ्टमधली माणसं ती वस्तू ज्या नावाने मागतात ती सगळी नावं, त्यांच्याकडूनच लिहून घेतलेली. दुपारभराचं काम आहे. स्क्रूड्रायव्हरखाली दोन शब्द येतील. तिसऱ्यासाठी जागा ठेवावी, पुढच्या महिन्यात नवी माणसं येणारच आहेत.